पेलिकन संघाच्या एकुलत्या एका कॅचरला उठू देण्याबाबत

प्रति,
माननीय सचिव,
निवड समिती, पेलिकन बेसबॉल संघ,
नगरपालिका मैदान, सान तेल्मो,
डोमिनिकन प्रजासत्ताक

विषय : पुढील हंगामासाठी संघात कॅचर नसल्याबद्दल, आणि जो आहे तो अर्जदाराचा नवरा असल्याबद्दल.

संदर्भ : मैदानाच्या फाटकावर समितीने डकवलेली सूचना, "पुढील हंगामासाठी कॅचरची स्थिती समाधानकारक आहे."

महोदय,

संदर्भीय सूचना अर्जदार बाईने लक्षपूर्वक वाचली. अर्जदाराची तळणाची गाडी त्याच फाटकाला लागून असल्यामुळे ती गिऱ्हाइकांनाही वाचून दाखवली. एका गिऱ्हाइकाला हसता हसता मासळीचा काटा अडकला. तो निघाला, सूचना मात्र अद्याप तिथेच आहे. सबब हा अर्ज.

१. अर्जदार फिओर्दालिसा ही एलादिओ मोंतास याची पत्नी. एलादिओ पोटासाठी लोकांच्या घरात फरशा बसवतो आणि आपल्या संघासाठी कॅचर म्हणून बसतो. म्हणजे आठवडाभर गुडघ्यावर आणि रविवारी उकिडवा. उभा असा तो फक्त चर्चमध्ये दिसतो, कारण तिथे गुडघे टेकले तर पुन्हा उठता येत नाही. फादरना वाटते त्याची श्रद्धा उडाली.

२. समितीच्या मागे कामांचा मोठा व्याप असल्यामुळे कॅचर म्हणजे काय याचे विस्मरण झाले असणे शक्य आहे. तरी माहितीस्तव नमूद करण्यात येते की, बॅट घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे जो उकिडवा बसतो, पिचरने फेकलेला प्रत्येक चेंडू जो हातात किंवा हात चुकल्यास अंगावर घेतो, तो कॅचर. मैदानावर बाकीचे खेळाडू उभे असतात. समिती छपराखाली खुर्च्यांवर असते.

३. गेल्या हंगामाच्या सुरुवातीस आपल्याकडे तीन कॅचर होते, हे अर्जदार मान्य करते. पैकी राधामेस याला परदेशी संघांसाठी पोरे घडवणारे अकादमीवाले घेऊन गेले आणि त्याचा हात बघून त्याला पिचर केले. त्याचे कल्याण झाले, त्याबद्दल तक्रार नाही. दुसरा एलादिओ. तिसरा वास्कार, जो योगायोगाने सचिवांच्या, म्हणजे आपल्याच, सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे.

वास्कारकडे संघातील सर्वांत नवा मुखवटा आहे, सर्वांत चकचकीत छातीपट आहे, आणि चेंडू जवळ आला की डोळे मिटण्याची सवय आहे. त्याला खेळवलेल्या एकमेव सामन्यात चेंडू मागच्या कुंपणाला इतके लागले की कुंपणापलीकडे बांधलेले गाढव दावे तोडून पळाले. आपला तरुण पिचर इसिद्रो शेवटी वैतागून त्याच्याकडे चालत गेला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे म्हणाला, "वास्कार, राजा, तू चेंडू अडवतोयस की त्याला वाट दाखवतोयस?" प्रेक्षक हसले. वास्कार हसला नाही. मुखवटा तोंडावर तसाच ठेवून तो घरी गेला, हे अर्जदाराने गाडीवरून स्वतः पाहिले आहे.

४. अशा परिस्थितीत समिती नवे कॅचर शोधील अशी भाबडी समजूत गावात होती. समितीने नवे शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळामध्ये उभे राहून चेंडू अडवणारे, घेतले. पाच. सर्व पाचही देखणे आहेत, धावतात हरणासारखे, आणि सर्वांना एकाच जागी उभे राहायचे आहे. गल्लीतली सगळीच पोरे शॉर्टस्टॉप व्हायला जन्मतात, कारण त्या जागी पोरींचे लक्ष जाते. मुखवट्याआडचे तोंड कोणाला दिसते? तथापि समितीनेही पोरींच्याच नजरेने संघ निवडावा, हे अर्जदारास नवीन होते.

५. आता गेल्या हंगामाच्या अंतिम सामन्याविषयी. आपण तो पाहिला आहे. परंतु आपण जल्लोष पाहिला आणि अर्जदाराने नवरा पाहिला, म्हणून दोन्ही बाजू नोंदीवर असाव्यात.

सामना अर्ध्यावर आला असताना चेंडू बॅटीला निसटता लागून एलादिओच्या उजव्या अंगठ्यावर आदळला. प्रशिक्षक एर्सिलिओ धावत गाडीशी आले. "फिओर, बर्फ दे, बर्फ! मासळीखालचा असला तरी चालेल!" अर्जदाराने दिला. अंगठा बोटाला बांधून एलादिओ पुन्हा बसला, कारण त्याच्या जागी बसणार कोण? बाकावर वास्कार होता. त्याने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

सामना आपण जिंकलो. शेवटचा फलंदाज बाद झाला तेव्हा एलादिओ जागचा उठला नाही. लोकांना वाटले, आनंदाने गहिवरला. त्याला खांद्यावर घेतले, मिरवत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आणले, तिथे रम फुटली, मेरेंगेच्या तालावर नाच सुरू झाला. त्याला खाली ठेवायला लागले तर तो म्हणाला, "ठेवू नका रे. घरापर्यंत चला." सगळे खदखदून हसले. म्हणाले, बघा, हीरोला पालखी पाहिजे! महोदय, त्याला चालता येत नव्हते. अर्जदाराने गाडी सोडून, त्या नाचणाऱ्यांना ढकलून वाट काढली आणि शेजारच्या मोटरसायकलवाल्याच्या मागे बसवून त्याला घरी आणले. तळणीत टाकलेले यानिकेके, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, तोवर कोळसा झाले होते.

६. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून पाहिला आणि विचारले, "हा गुडघा तुमचाच आहे ना? वडिलांचा नाही ना आणलात?" मग गंभीर होऊन म्हणाल्या की आणखी एक हंगाम असाच बसलात तर फरशीचे कामही सुटेल आणि हातात काठी येईल. एलादिओचे वय अडतीस आहे.

७. वरील बाब अर्जदाराने प्रथम तोंडी आपल्या कानी घातली, हे आपणास स्मरत असेलच. आपण बदामाच्या झाडाखाली डॉमिनो खेळत होता आणि हातात चांगल्या सोंगट्या होत्या, त्यामुळे कदाचित नसेलही. आपण म्हणालात, "अगं, काळजी कशाला करतेस? एलादिओ आहे ना!"

अर्जदार म्हणाली, "साहेब, एलादिओच तर नाहीये."

"मग वास्कार आहे."

"तो डोळे मिटतो, साहेब."

"डोळे मिटतो म्हणजे त्याची प्रार्थना चालू असते," असे आपण म्हणालात, सोबत्यांनी टेबलावर हात आपटले, आणि आपण फर्मावलेत, "लेखी दे." त्यानुसार लेखी.

८. त्यानंतर समिती आमच्या घरी आली. हातात पितळी पाटी होती, तीवर 'संघाचा आधारस्तंभ' असे कोरले होते. स्तंभ बसत नसतो, उभा असतो, हे कोरणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. एलादिओ मऊ माणूस आहे. आपल्यासमोर तो "बघतो" म्हणाला, आणि आपण गेल्यावर अर्जदारास म्हणाला, "एकच हंगाम गं."

अर्जदाराने भांडण केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी उकळत होती. अर्जदार म्हणाली, "बस बघू कॅचरसारखा, इथेच, चुलीपुढं. कॉफी होईस्तोवर."

तो बसला. कॉफी झाली. तो उठेना. आधी हसला, मग ओट्याला धरून पाहिले, मग हसला नाही. अर्जदार, म्हणजे मी, हात द्यायला गेले तर त्याने नकाराची मान हलवली, म्हणून मीही तिथेच जमिनीवर त्याच्याशेजारी बसले. कॉफी आम्ही खालीच प्यायलो.

पेला खाली ठेवत तो म्हणाला, "पाटीसाठी नाही गं जात मी. तो इसिद्रो. त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी कसा वळतो पाहिलायस ना? असला चेंडू याआधी मी जन्मात पकडला नव्हता. कोणी पकडलाच नाही तर तो घाबरून टाकणं सोडील. मग काय, सरळ चेंडू टाकणारे ढिगानं आहेत."

महोदय, पाटीवर कोरण्यासारखे काही असेल तर ते हे आहे.

९. तेव्हापासून एलादिओ अंगणात आंब्याखाली खुर्ची टाकून बसतो. जो कोणी येईल त्याला उकिडवे कसे बसावे, बोटे कशी लपवावी, वळता चेंडू कसा हेरावा हे शिकवायला तो तयार आहे. आपल्या पाच शॉर्टस्टॉपना निरोप धाडला. एकाला दुपारी झोपायचे होते, एकाला नाक सरळ राहायला हवे होते, बाकीच्यांनी निरोप मिळालाच नाही असा निरोप धाडला.

आला तो फक्त वास्कार. कोणी न बोलावता, मुखवटा पिशवीत लपवून. म्हणाला, "एलादिओ काका, लोक हसतात ते ऐकू येतं मला. डोळे उघडे कसे ठेवायचे ते शिकवा." महिनाभर रोज येत होता. अंगावर निळे-जांभळे डाग पडले, पण आता तो एकच डोळा मिटतो. एलादिओच्या मते ही प्रगती आहे.

मात्र ते डाग आपल्या भगिनींनी पाहिले. त्या आपल्याकडे रडल्या, आणि आपण वास्कारला आमच्या अंगणात पाय ठेवण्यास मनाई केलीत. म्हणजे समितीच्या यादीत जो कॅचर आहे, त्याच्या अंगाला चेंडू लागू नये अशी समितीच्याच सचिवांची इच्छा आहे. अर्जदाराचा नवरा कोणाचा भाचा नाही, एवढाच काय तो फरक.

सबब प्रार्थना की : एलादिओचे नाव यादीतून काढावे. पाचपैकी दोन शॉर्टस्टॉप, झोपेतून उठवून, आमच्या अंगणात पाठवावेत. आणि वास्कारवरील मनाई उठवावी. त्याचे दात पडणार नाहीत याची हमी अर्जदार देत नाही. तशी हमी एलादिओच्या बाबतीत आजवर कोणी मागितली नव्हती. उपरोक्त बाबींचा डॉमिनो संपल्यावर विचार व्हावा.

आपली, तूर्त तरी नम्र,
फिओर्दालिसा मोंतास
(फाटकाजवळची तळणाची गाडी)
सान तेल्मो, ९ ऑक्टोबर

सोबत : १. डॉक्टरीणबाईंचा दाखला. २. पितळी पाटी, परत.

ता. क. : सही करीत असतानाच वास्कार मागच्या भिंतीवरून उडी मारून आला. इसिद्रोही आला होता. त्याने आपला वळणारा चेंडू टाकला, आणि वास्कारने तो दोन्ही डोळे उघडे ठेवून पकडला. एलादिओ खुर्चीवरून ओरडला, इसिद्रोने टोपी हवेत फेकली. त्या भरात पुढचा चेंडू वास्कारने नाकावर घेतला. रक्त थांबले आहे. नाकाला कापड लावून तो हसत आहे आणि आणखी टाक म्हणत आहे. त्याच्या आईस काय सांगायचे ते आपण बघावे.