तुमच्या भावाच्या घड्याळाचा पट्टा

मानवत,
शुक्रवार

बन्सीधर भाऊजी यांना सगुणा वहिनीचा आशीर्वाद.

तुम्ही, माझी धाकटी जाऊ कस्तुरा आणि बोरीची सगळी मंडळी खुशाल आहात असे धरून चालते. कस्तुराचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. (तेल चोळून गुडघे बरे होत नाहीत, हे तिला माझ्या नावाने सांगावे.) कापसाची शेवटची वेचणी आटोपली असेल. इकडे तुमच्या भावाची प्रकृती आहे तशी आहे. आहे तशी राहणे हीच आता प्रगती समजायची, असे डॉक्टर म्हणतात. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर जरा अवघड विषय निघाला की तुम्ही "वहिनी, आवाज येईना" म्हणून ठेवून देता. पत्राला ती सोय नाही.

दर सोमवारी आणि गुरुवारी मी यांना परभणीला डायलिसिसला नेते, हे तुम्हाला ठाऊक आहे. चार तास मशीन यांचे रक्त धुते. एक खेप चुकली तर पुढच्या खेपेपर्यंत माणूस राहील याची हमी कुणी देत नाही. (यावर दुसरा उपाय आहे. डॉक्टरांनी त्याचे नाव काढले की तुमचे भाऊ भिंतीकडे तोंड करतात.) उभा जन्म कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्यापाशी बसून काढल्यामुळे दुसऱ्याच्या मापावर यांचा विश्वास नाही. दवाखान्यातले चार तास हे स्वतःच्या घड्याळात मोजतात, आणि मशीन जरा लवकर वाजले तर तिथल्या सिस्टरला विचारतात, "बाई, क्विंटलमागे कडता किती धरला? मापात किती कापलं?" ती बिचारी केरळची आहे. हसते.

मशीनच्या सुयांसाठी डाव्या मनगटावर ऑपरेशन झाल्यापासून त्या हातात घड्याळ चालत नाही, म्हणून ते उजव्या हातात आले. मनगट इतके वाळले आहे की घड्याळाची स्टीलची चेन कोपरापर्यंत फिरून येते आणि येताना कातडी ओरबाडते. मशीनवर रक्त पातळ करण्याचे औषध देतात, त्यामुळे एका ओरखड्याला माझा एक रुमाल खर्ची पडतो. तेव्हा चेन काढून मऊ पट्टा बसवायचे मी ठरवले. तुमच्या पुतणीने, राजनंदिनीने, पुण्याहून रबरी पट्टा पाठवला, सोबत दातकोरण्याएवढे एक हत्यार. बाजारातला घड्याळवाला म्हणाला, दोन दिवस घड्याळ ठेवून जा. दोन दिवसांत गुरुवार येत होता, आणि घड्याळाशिवाय हे दवाखान्याची पायरी चढत नाहीत. शिवाय मी बी.एस्सी. आहे. प्रयोगशाळेत दिव्यावर काचेच्या नळ्या वाकवल्या आहेत. पट्टा बदलायला मला दुकान नको होते.

बुधवारी दुपारी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ पाहिला. त्यातला मुलगा हसत हसत पट्टा बदलतो. त्याच्या घरी कुणी आजारी नसावे. पट्टा घड्याळाला बारीक पिनेने धरलेला असतो. पिनेच्या आत स्प्रिंग असते. टोक दाबायचे, चेन सोडवायची, तीच पिन नव्या पट्ट्यात घालून परत बसवायची. मी पलंगाजवळ पाट मांडला, त्यावर पांढरा पंचा अंथरला. तुमचे भाऊ पलंगावर बसून बघत होते. पहिली पिन निघाली. दुसरी निघेना, कारण तिच्यावर तुमच्या भावाच्या घामाची इतक्या वर्षांची ठेव साचली होती. मी जोर केला. पिन उडाली. "गेली," तुमचे भाऊ म्हणाले. आवाजात जराही दुःख नव्हते. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

मी सतरंजी झटकली. केर काढला आणि केरही चाळला. निवडून ठेवलेली तुरीची डाळ परत निवडली. (पिन मिळाली नाही, खडे मिळाले. किराणावाल्याला बोलून आले.) तुमचे भाऊ वरून सूचना देत होते. "तिकडं बग, कपाटाखाली. तिथं न्हाई, पार त्या कोपऱ्यात." सगळ्या सूचना पलंगापासून लांबच्या होत्या. म्हणून मी बॅटरी घेऊन पलंगाखाली शिरले.

तिथे ट्रंकेच्या मागे, तुमच्या लाल चौकड्यांच्या टॉवेलात गुंडाळलेली, दोन लिटरची पाण्याची बाटली होती. तळाशी थोडे उरले होते.

भाऊजी, मी यांना पाणी मापून देते. माठ मी स्वयंपाकघरात कुलपात ठेवते. शेजारणी मला कैदाशीण म्हणतात ते मला ऐकू येते. तरी दर खेपेला यांचे वजन वाढलेले निघायचे आणि डॉक्टर माझ्याकडे बघायचे. वजनाला उभे राहताना हे चपला काढतात, स्वेटर काढतात, शेवटी घड्याळही काढून माझ्या हाती देतात. ज्याने जन्मभर दुसऱ्यांची मापे पकडली तो काट्याला फसवायला निघाला, आणि माल पुरवायला तुम्ही. गेल्या आठवड्यातही तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुमी पडा जरा, मी बसतो दादापाशी." मला तेव्हा बरे वाटले होते. ते मी परत घेते. हे पाणी आधी पायांत उतरते, मग फुप्फुसांत, आणि माणूस कोरड्या घरात बुडून मरतो. हे कळायला कॉलेजात जावे लागत नाही.

"आपल्या हिरीचं हाय," तुमचे भाऊ म्हणाले. "घोटभरच घेत असतो."

उरलेले पाणी मी त्यांच्यादेखत कढीपत्त्याला घातले. सावकाराच्या दारात आपला बैल बघावा तसे ते त्या झाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, पिन नाही म्हणजे घड्याळ नाही, आणि घड्याळ नाही तर उद्या यायचे नाही. मी म्हणाले, दवाखान्यात भिंतीवर घड्याळ आहे. "ते त्यांचं हाय," म्हणाले. नंतर म्हणाले, "लय झालं गं आता. राहू दे."

हे मी तुम्हाला जसेच्या तसे लिहिले आहे. त्यावर माझे काही लिहीत नाही.

डॉक्टरांनी यांना डाव्या हातात चेंडू धरून दाबायला सांगितले आहे. चेंडू उशाशी पडला होता आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. ज्या हाताला व्यायाम सांगितला नाही तो व्यायाम करत होता. मी शेजारी बसून एकेक बोट उघडले. त्यांनी जोर लावला. फार जोर आता उरलेला नाही. पिन तळहातात रुतून वळ उठला होता. उडाली ती थेट त्यांच्या मांडीवर पडली होती, आणि मी डाळ निवडत होते तेव्हा ती त्यांच्या मुठीत होती. मी त्यांना काही बोलले नाही. (मनात बोलले. ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.) चष्मा पुसत पुसत पट्टा बसवला.

गुरुवारी आम्ही गेलो. घड्याळ मी समोर उभी राहून बांधले, त्यामुळे तबकडी मला सुलटी आली आणि बाराचा आकडा यांच्याकडे गेला. पट्ट्याचे दोन्ही तुकडेही मी उलटसुलट लावले होते, म्हणून बक्कल मात्र जागेवर बसले आणि चूक कळली नाही. मशीन सुरू झाल्यावर यांनी मनगट वर केले, मान वाकडी केली, पुन्हा सरळ केली. आता सगळ्या पेशंटांसमोर माझा उद्धार होणार असे मला वाटले. त्यांनी हात छातीवर ठेवला. "तूच बग," म्हणाले. "तुला नीट दिसायलंय." चार तास मी समोर बसून यांच्या मनगटाकडे बघत होते. मशीन थोडे उशिरा वाजले. ते मी सांगितले नाही, नाहीतर झुकते माप दिल्याबद्दल सिस्टरचा सत्कार करायला निघाले असते.

घड्याळ अजून तसेच उलटे आहे. ती पिन पुन्हा सोडवायची माझी तयारी नाही. तुमचा टॉवेल धुऊन ठेवला आहे. पुन्हा बाटली घेऊन आलात तर दारातूनच बोरीच्या गाडीत बसवून देईन.

तुमची वहिनी,
सगुणा

ता. क. डॉक्टर सांगत होते तो दुसरा उपाय म्हणजे किडनी बदलणे. माझी जुळत नाही, ते मी आधीच तपासून घेतले. राजनंदिनीला शुगर आहे. सख्ख्या भावाची जुळण्याची आशा असते. तुम्हाला यातले काही कळवायचे नाही अशी तुमच्या भावाने मला शपथ घातली आहे. शपथा मी मानत नाही. आधी नुसती रक्ताची तपासणी असते.

आणखी ता. क. हे पत्र कस्तुराला वाचून दाखवा. तिला विचारल्याशिवाय हो म्हणालात तर ते मी धरणार नाही. ती नाही म्हणेल. तिच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटले असते. त्यावरून तिला एका शब्दाने बोलू नका.

शेवटचे. उत्तर काहीही असो, सोमवारी दवाखान्यात या. पण ते यांच्यासमोर देऊ नका. आधी मला बाहेर बोलवा.