अभिमान या शब्दाचा अर्थ

सर, तुम्ही बांगलातून मराठीत आणलेली ती कादंबरी नवं मुखपृष्ठ लावून पुन्हा बाजारात आली, आणि परीक्षणासाठी नेमकी माझ्याकडे आली. पुण्याहून संपादकांचा फोन. "जरा हात राखून लिहा हं. माणूस जाऊन किती वर्षं झाली." मी हो म्हटलं आणि पेन्सिलीला टोक करायला बसले.

तुम्हाला आठवलं नसतं, मला तो रविवार आहे तसा दिसतो. बागबाजारच्या बंगाली वस्तीत आमच्या घरी मराठी मंडळी जमली आहेत. तुम्ही बदलीवर आलेले मोठे अधिकारी, इथेच जन्मलेल्या आम्हा मुलांना सुट्टीच्या दिवशी मराठी शिकवणारे सर. मी कॉलेजात नुकती जायला लागलेय. एका परदेशी कादंबरीच्या मराठी अनुवादावर आयुष्यातलं पहिलं परीक्षण लिहून तुमच्या हाती दिलंय, आणि तुम्ही ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचता आहात. 'नायक खिडकीत सिगरेट खात बसतो' या वाक्याशी तुम्ही थांबता, पुन्हा वाचता. बांगलात सिगरेट खातात, चहाही खातात. बाहेरची भाषा माझ्या मराठीत शिरली होती. "हिला सिगरेटबरोबर चटणी वाढा रे कुणीतरी," तुम्ही म्हणालात. सगळे हसले. बाबाही हसले. कागद परत देताना तुम्ही म्हणालात, "बाळ, तू आपली वाचत जा. लिहायला एक तरी भाषा धड यावी लागते."

मग मी वाचतच गेले. जगभरच्या कादंबऱ्या, एकेक पुस्तक मराठी, बांगला, इंग्रजी असं शेजारी शेजारी ठेवून. आता अनुवादक माझ्या परीक्षणांना घाबरतात म्हणे. ते ऐकायला मला आवडतं.

तुमचं पुस्तकही मूळ बांगला शेजारी ठेवून वाचलं. नवरा हावडा स्टेशनवर घ्यायला येत नाही, म्हणून नायिका रुसते, आतून दुखावते. बांगलात त्याला अभिमान म्हणतात. तुम्ही लिहिलंत, 'तिला नवऱ्याचा अभिमान वाटला.' आई मुलाला 'शिक्षा' देते, म्हणजे शिकवते. तुमच्या मराठीत ती त्याला बदडते. बाप लेकीला 'आदर' करतो, म्हणजे कुरवाळतो. तुमच्याकडे तो तिच्यापुढे अदबीने उभा राहतो. फोर्ट विल्यमजवळच्या क्वार्टरमध्ये इतकी वर्षं काढलीत आणि मासेवाल्याशीसुद्धा हिंदीतच बोललात ना? मी सगळं लिहिलं. हात राखला नाही. एक तरी भाषा धड यावी लागते, हे तुमचं वाक्य तुमच्या नावानिशी शेवटी घातलं.

छापून आल्यावर तुमच्या मुलीचा फोन आला. "बाबा आता उत्तर देऊ शकत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं," मी म्हटलं. फोन ठेवला, आल्याचा चहा केला आणि चवीने प्यायले.

प्रकाशकांनी आवृत्ती मागे घेतली. नवा अनुवाद मीच करतेय. मुखपृष्ठावर तुमच्या नावाच्या जागी माझं नाव येईल. काम जवळजवळ संपलंय. शेवटच्या प्रकरणात म्हातारी झालेली नायिका एकटीच फेरीबोटीतून गंगा ओलांडते. तिथल्या चार ओळी मी कितीदा लिहिल्या आणि खोडल्या. तुमचं पुस्तक उघडून पाहिलं, तर त्या तिथे होत्या, मुळाहूनही सुंदर, एकही शब्द हलवता येणार नाही अशा. मी त्या तशाच उचलल्या आहेत. तळटीप दिलेली नाही, देणारही नाही. तुमच्या मुलीला हे कळलं तर तिला फार बरं वाटेल. म्हणून हे पत्र मी तिलाही पाठवणार नाही.