फटी बुजवल्याबद्दल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच मानून घे). भावजींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं खुशाल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

रस्तेखात्यात मी साहेबांच्या किती मागे लागलो होतो, तुला ठाऊकच आहे. डांबर पुरे, एक तरी गल्ली पाणी जिरवणारी करू! (जुना रस्ता उखडून त्याचीच खडी खाली, वर ठोकळे आणि ठोकळ्यांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटी. पाऊस थेट जमिनीत, गटार तुंबायचं नाव नाही.) शेवटी साहेब म्हणाले, कर तुझ्याच गल्लीत. जमलं तर शहरभर करू, नाहीतर पुन्हा डांबर, आणि तू जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीवर.

गल्ली झाली, अगं, देखणी झाली! पण मी दौऱ्यावर गेलो आणि शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, लेकाने काम अर्धवटच सोडलंय हो, केवढ्या या फटी! झालं. आईने ओळखीचा गवंडी बोलावून एकूण एक फट सिमेंटने बुजवून घेतली, वर त्याला चहा पाजला. मला अक्षराने बोलली नाही. लेकाची चूक बोलून दाखवायची नाही, गुपचूप निस्तरायची, हा तिचा बाणा (आपली शाळेची हस्तकला कोण पूर्ण करायचं, आठव).

मी परतलो तो थेट साहेबांच्या गाडीतून. टँकर तयार. मी ऐटीत म्हटलं, सोडा पाणी, थेंब दिसणार नाही. थेंब कसला! अख्खा टँकर साहेबांच्या बुटांवरून काकूंच्या बैठकीच्या खोलीत. (ते उपसतानाच ही कंबर गेली.) खाली सिमेंट, मागे दारात आई, आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "माझ्याच हातून बुजल्या, साहेब," म्हटलं. त्यांनी फटी मोकळ्या करायला सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. संध्याकाळी आई म्हणते, "पाणी कसं झरझर वाहून गेलं रे, कुठे अडलं म्हणून नाही!"

तुझा धाकटा

ता.क. कामाचं राहिलंच. आईला आठवडाभर तुझ्याकडे बोलावून घे, ताप आलाय म्हण. तिच्या डोळ्यांदेखत मला छिन्नी उचलवत नाही.

आणखी ता.क. पत्र टाकायला निघालो, तर आई गल्लीत पाटावर बसून उलथन्याने सिमेंट उकरते आहे, शेजारी काकू हातोडी घेऊन. चूक माझीच, फटी मोकळ्या करून देतो, असं मी साहेबांना फोनवर सांगत होतो, ते तिने ऐकलं होतं. मला म्हणाली, "खोटं कशाला बोललास? चूक माझी, तर नाव माझं सांगायचं. आता उभा काय राहिलास, बस खाली." ताई, मला रडूच आलं गं. तिला बोलावू नकोस. तूच ये, आणि येताना भावजींची छिन्नी आण. गल्ली लांब आहे आणि आई कुणाचं ऐकत नाही.