कावळ्याच्या बाजूने

शनिवार संध्याकाळ, नायगाव

आज वाचनगटात लहानपणीच्या गोष्टी पुन्हा वाचायच्या होत्या. मी चिमणी-कावळ्याची नेली. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि चिमणी आतून सांगत राहते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, तीट लावते. वाटलं, सगळ्या हसतील. पण माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या परबकाकी उसळल्याच. "तो भिजान चिंब झालो आणि हिचा तीट लावणा चालूच! आपल्या चाळीत कोणाक असा कधी दाराभायर ठेवलेला?"

नव्हतंच ठेवलं. चाळीत दार फक्त झोपताना लागायचं. टॉवरमध्ये आल्यापासून काकी समोरच राहतात, आणि मी त्यांच्याकडे कितीदा गेले? ती तीट डोक्यातून जाईना. इतकी वर्षं मी चिमणीला शहाणी कशी काय म्हणत होते?

घरी येऊन चपात्या लाटत होते, तर बेल वाजली. "थांबा हं, हात पिठाचे आहेत!" पुन्हा बेल. "थांबा, तव्यावर चपाती आहे!" तिसऱ्यांदा वाजली तेव्हा "थांबा, गॅस..." म्हणता म्हणता मीच लाटणं हातात घेऊन थबकले. अरे देवा!

दार उघडलं. समोर काकी, हातात सोलकढीचं पातेलं. "झाली गो बाळाक तीट लावन?"

दोघी दारातच बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

काकी गेल्या, पण दार अजून उघडंच आहे. डास येतायत. येऊ देत.