निळ्या पाण्यातला थेंब

तीर्थरूप दादांस,

तुमच्या शास्त्रशिक्षक मेहुण्याचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक. तुमच्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन गुरुवारी आहे, पण त्यात काळजीसारखं काही नाही.

रक्ताची एक बाटली लागेल, असं डॉक्टर म्हणाले. बावीस वर्षं रक्ताचा धडा शिकवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागतं? तडक रक्तपेढी गाठली. तिथल्या बाई बोट टोचेपर्यंत मी त्यांना (त्यांनी विचारलं नव्हतं, पण ज्ञान दिल्याने वाढतं) सांगून टाकलं, की रक्तात निम्म्याहून जास्त पिवळसर प्लाझ्मा, म्हणजे बहुतेक पाणीच. तांबड्या पेशी प्राणवायूचे हमाल, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी दोन हात करणाऱ्या आणि प्लेटलेट्स जखमेला बूच मारणाऱ्या. बाई "हो का?" एवढंच म्हणाल्या आणि माझा थेंब त्यांनी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब वरच राहिला, ऐटीत! माझ्या आधीच्या सगळ्यांचे थेंब सरळ तळाला गेले होते. मी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. (एका धिप्पाड रिक्षावाल्याची तर पाठ थोपटून समजूतही काढली.) तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सर, बुडतो तो पास. तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे." आता घनतेचा धडा आमच्याकडे दुसरे सर घेतात, त्याला मी काय करणार? मी वाद घातला, दुसरं बोट पुढे केलं. तोही थेंब तरंगला. मग मी बाकावर जरा आडवा झालो, निव्वळ विचार करण्यासाठी.

एकूण, परिस्थिती माझ्या हातात आहे.

आपला,
मेहुणा

ता. क. दादाला कळवू नका, असं तिने बजावलंय. पण तुमचा आणि तिचा रक्तगट एकच. बुधवारपर्यंत येता का? मी घाबरलो वगैरे अजिबात नाही.

ता. क. दादा, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून मी लिहितेय. रक्ताची सोय कालच झाली, माझ्या ऑफिसातल्या दोघी देऊन आल्या. ह्यांना अजून सांगितलं नाही, नाहीतर पत्र फाडून टाकतील. तीन दिवस झाले, हे धड जेवलेले नाहीत. तू नक्की ये. मला आत नेतील तेव्हा बाहेर ह्यांच्याजवळ कुणीतरी बसायला हवं.