नावाची जागा

पुणे, २४ मार्च २०२५

ती. रू. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही काहीच बोलत नाही, म्हणून पत्र. शिमग्याला देवळात तुम्ही घातलेलं गाऱ्हाणं मी हौसेने नेटवर टाकलं. तुमचा आवाज किती छान आलाय, एवढंच डोक्यात होतं. ‘ज्यान खाडयेचो बंधारो फोडलो, त्या चंदनाच्या चुलीत खारा पाणी शिरांदे रे म्हाराजा’, आणि मागून अख्ख्या गावाचं ‘व्हय म्हाराजा!’ आता चंदनशेठ म्हणतात, ही जिवे मारायची धमकी आहे. तक्रारीत तुमच्यासोबत माझंही नाव आहे. कायदा शिकते मी, आणि देवाला सांगितलेलं जगाला ऐकवलं की काय होतं, ते मला सुचलं नाही. पोलीस पुन्हा आले का? गोळ्या घेता ना?

आईला नमस्कार. रागावला असाल तर रागावूनच, पण लिहा.

तुमची लेक संचिता

३१ मार्च

चि. संचितास,
अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. डोंगराआड रेंज नाही, गावात केबल नि इंटरनेट चंदनाचंच, आपला फोनही त्याच्याच तारेवर चालतो. चंदनाच्या तारेवरून चंदनाची गोष्ट नको, म्हणून गप्प होतो. हवालदार आला होता, कुणकेश्वरकडचा. तुमच्या गावात गाऱ्हाणं कसं घालतात रे, असं विचारलं तर हसला आणि चहा पिऊन गेला. वाळूसाठी ज्याने बंधारा फोडला त्याचं नाव माझ्या बापानेही घेतलं असतं. नाव घेतल्याशिवाय देवाला कळणार कसं?

एक गंमत. तुझा व्हिडिओ गावात उघडतच नाही, नुसतं चक्र फिरतं. चंदनाच्या चॅनलवरचा दशावतार मात्र धडाक्यात चालतो. आई म्हणते, त्या चक्राकडे बघून मलाच घेरी आली.

सुंगटं, म्हणजे तुमच्या पुण्यातली कोळंबी, पाठवली असती, वकीलबाई, पण खाडीत आता गाळच आहे. आहे तो लोभ पाठवतो.

दाजी

पुणे, १२ जुलै

ती. रू. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

ती गंमत नाही, दाजी. तार देणाऱ्याने कुणाचा मजकूर अडवायचा नाही, मंद करायचा नाही, हा नियमच आहे. पोस्टमनने पत्रं फोडून आवडतील तेवढीच वाटावीत, तसं हे. मी दूरसंचार खात्याकडे तक्रार केली. उत्तर आलं की गावातल्या ग्राहकांनी सहीनिशी कळवावं. आपल्या शेजारच्या लवूकाकांना विचारलं, तर म्हणाले, सही केल्यार तो तार तोडतलो, मगे पोरांच्या शाळेचे नि काजीच्या बागेचे अर्ज खंय भरूचे?

सनदेच्या अर्जात विचारतात, फौजदारी प्रकरण चालू आहे का. मी ‘होय’ लिहिणार. वकिली उशिरा सुरू होईल, किंवा होणारच नाही. पण तक्रार मागे घेतो म्हणाले तरी चंदनशेठांना काही लिहून देऊ नका. गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे मागितलेली दाद, धमकी नव्हे, हे कोर्टात मांडता येईल.

झोप येत नाही. तुमच्या चार ओळी आल्या की येते.

संचिता

२१ जुलै

चि. संचितास,
अनेक आशीर्वाद.

लिहून दिलं. यापुढे गाऱ्हाण्यात जिवंत माणसाचं नाव घेणार नाही, असं. त्याने तक्रार मागे घेतली. तुझा व्हिडिओ तेवढा काढ, तसं ठरलंय. आता अर्जात ‘नाही’ लिही, ते खरं असेल. कोर्ट ऐकेलही, पण तोवर तू ताटकळत बसायची.

रागावलीस तर रागावूनच, पण लिही.

दाजी

पुणे, ८ डिसेंबर

ती. रू. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

सनद मिळाली. हातात घेतली आणि आनंद कुठे शोधावा ते कळेना.

जत्रेतलं तुमचं गाऱ्हाणं चंदनशेठांच्या चॅनलवर पाहिलं. एकदाही अडकलं नाही. बंधाऱ्यापर्यंत आलात आणि नावाच्या जागी थांबलात. पुढे काहीच ऐकू येत नाही. लोकांचं ‘व्हय म्हाराजा’ त्यांनी कापलंय ना? तारेबद्दलच्या माझ्या तक्रारीत तेही घालते. तुम्ही तिथे होतात, खरं काय ते कळवा.

माया असू द्या.

संचिता

१५ डिसेंबर

चि. संचितास,
अनेक आशीर्वाद.

काहीही कापलेलं नाही. मी थांबलो. वाटलं, नाव गावाला ठाऊक आहे, लोक म्हणतील. लवू समोरच होता, पायाच्या अंगठ्याकडे बघत. कुणी म्हणालं नाही. चंदनाने तेवढं खरं दाखवलं, तेव्हा ते तक्रारीत घालू नकोस.

सनद घेऊन ये, देवासमोर ठेवू. बायकांनी गाऱ्हाणं घालायची आपल्यात रीत नाही, पण त्या दिवशी तू घाल. लिहून मी दिलंय, तू नाही. नाव घे असं म्हणवत नाही, घेऊ नकोस असंही म्हणवत नाही. मी मागे उभा असेन. ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार नाही, असं काही मी लिहून दिलेलं नाही.

वाट बघतो.

दाजी