दुसरी टिकली

२ नोव्हेंबर, रविवार

भेट सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. पोरीला आणलं दहा वाजून वीस मिनिटांनी, सोडलं पाचला पाच कमी असताना. वकील भगवानराव म्हणाले, "सोमनाथ, प्रत्येक भेट लिहून ठेव, कोर्टात कामी येतं." म्हणून लिहितोय. पण पाच मिनिटं आधी का सोडलं ते कुठं लिहू? तिची आई मोहिनी गॅलरीत उभी राहून मोबाईलात टाइम बघत होती म्हणून!

पोरगी माझी, ऋतुजा, आता तिसरीत. आईसोबत बीडला जाऊन दीड वर्ष झालं तिला, आमच्या काडीमोडालाही तेवढंच. "न्हाई" म्हणायची, आता "नाही" म्हणती. पायात सँडल, डोक्याला टोपी. गाडीवर बसली की माझा शर्ट धरायची. आता मागची कडी धरती.

पण चौसाळ्याच्या पुढं रानात उतरली अन् लांबनंच ओरडली, "टिक्येऽऽ!" दीडशे मेंढरातून ती काळी मेंढी उधळत आली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. हिची आई हिला जन्म देऊन मेलती, ऋतुजानंच बाटलीनं दूध पाजून वाढवली. मग सँडल कुठं, टोपी कुठं! दिवसभर दोघी गळ्यात गळा. माझ्या वाट्याला चार शब्द — "शाळा बरी आहे, पप्पा."

येती ना पण. टिकलीसाठी का होईना, येती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

टिकली मेली. माझ्यामुळं मेली.

दुपारी मोहिनीचा फोन. "या रविवारी पाठवत न्हाई, मैत्रिणीचा वाढदिवस हाय तिच्या." मी म्हणलं, महिन्यात दोनच रविवार माझे, त्यातला एक वाढदिवसाला? शब्दाला शब्द वाढला. ती म्हणली, "तुमच्या रानात काय हाय तिच्यासाठी? मेंढरंच ना?" मी बांधावर येरझारा घालत ओरडत होतो, अन् इकडं मेंढरं शेजारच्या ज्वारीत शिरली. पाणी न मिळालेली कोवळी ज्वारी — किराळ लागती, विष असतं ते. लेकराला पण माहीत असतंय आमच्यात. बाकीची हुसकली. टिकली सगळ्यात पुढं होती, हावरट! अर्ध्या घंट्यात पाय झाडायला लागली. आबांनी, माझ्या वडिलांनी, ताक पाजलं, गूळ पाजला. डॉक्टर येईस्तोवर संपलं.

लिंबाखाली पुरली. आबा एक शब्द बोलले न्हाईत मला. बोलले असते तर बरं झालं असतं.

१३ नोव्हेंबर

आज मेंढरं आबांनीच नेली. मी न्हाई गेलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कालचा रविवार रिकामा गेला. वकील साहेब, लिहा — भेट झाली न्हाई.

माय म्हणली, "खरं सांगून टाक लेकराला. जनावर हाय, मरतंय." सांगितलं तर ती रानात येईल कशाला? माझं तोंड बघायला? मागच्या खेपेला गाडीवरून उतरल्यावर माझ्याकडं वळून तरी बघितलं का तिनं!

मग एक गोष्ट डोक्यात आली अन् ती काही केल्या जाईना. तेलगावला तात्याबाच्या कळपात तसलीच एक हाय. काळी, कपाळावर ठिपका. जत्रेत बघितलती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आणली. तात्याबाला दोन मेंढ्या दिल्या, ही घेतली. तो हसला, "याड लागलंय का बे तुला? एकीला दोन?" लागलंय म्हणलं.

प्रत्येक कळपाची कानावर आपली खूण असती. आमची म्हणजे डाव्या कानाचं टोक कापलेलं. आबा धरायला तयार होईनात. "सोमनाथ, मेंढीला फसवशील. पोरीला कसं फसवशील? धनगराची हाय ती." शेवटी एकट्यानंच गुडघ्यात दाबून धरली अन् कान कापला, हळद लावली. लई ओरडली बिचारी. माझ्याकडं असं बघत होती की मला तिचे पाय धरावे वाटले.

ठिपका जरा मोठा हाय हिचा. दीड वर्ष शहरात राहिलेल्या लेकराला काय कळतंय.

७ डिसेंबर, रविवार

दहा ते पाच. वेळेवर.

रस्ताभर गाडी हळू चालवली. रानात उतरली, नेहमीसारखी हाक मारली. मेंढीनं मान पण वर केली न्हाई! मी घाईघाईत म्हणलं, "सर्दी झालीय तिला, कानात पाणी गेलंय, ऐकू येईना." कान दिसतोय ना ताजा कापलेला, म्हणलं तारेत अडकला. थापेवर थाप! ऋतुजा थोडा वेळ उभी राहिली. मग जाऊन गळ्यात हात टाकला. "टिक्ये, बरी हो लवकर." गूळ-भाकरी हातावर धरली. मेंढीनं तोंड फिरवलं. तिनं भाकर खाली ठेवली अन् बाजूला बसली.

फसली. म्हणलं, जमलं!

बीडला सोडून परत येताना पालीपर्यंत खुशीत होतो. तिथनं पुढं गाडी चालवता येईना, कडेला लावली. पाच वर्षाची असताना शेजारच्या गहिनीनाथच्या कळपात मिसळलेली आमची मेंढी तिनं लांबनं दाखवलती, मला दिसायच्या आधी! सगळ्या मेंढपाळांनी तोंडात बोट घातलं होतं. अन् आज स्वतःच्या हातानं वाढवलेली वळखली न्हाई. मीच फसवलं अन् मीच रडतोय, ती का फसली म्हणून.

घरी आबांना सांगितलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "मग पोरगी गेली आपली."

२१ डिसेंबर, रविवार

दहा ते पाच. तसंच. टिक्ये टिक्ये म्हणत मेंढीच्या मागं फिरली, मेंढी पुढं पळत राहिली. मायसोबत लिंबाकडं गेलती, काड्या वेचायला. मी बघत बसलो.

२९ डिसेंबर

मोहिनीनं लग्न केलं. नोंदणीनं, बीडलाच. परमेश्वर म्हणून हाय, औषधाच्या दुकानात. माणूस चांगला हाय म्हणतात. असंल. मी पण काही वाईट नव्हतो. फक्त मेंढरं विकून शहरात या म्हणली तेव्हा आबाकडं बघून न्हाई म्हणलं होतं. तेवढाच माझा गुन्हा.

४ जानेवारी, रविवार

आणायला गेलो तर दार परमेश्वरनं उघडलं. "या ना, चहा घ्या." आवाज मऊ. मला शिव्या द्यायच्या होत्या, जमलं न्हाई. चपलांच्या रांगेत त्याच्या चपलेशेजारी ऋतुजाची सँडल.

मोहिनी जिन्यापर्यंत आली. म्हणली, "तिला सवय लागू द्या. घरात ती ह्यांनाच पप्पा म्हणेल. तुमी मधी काही बोलू नका."

ऋतुजाला गाडीवर घेतलं अन् निघालो. कुठल्या तोंडानं नको म्हणणार! मेंढी बदलून तिला टिकली म्हण म्हणणारा मीच ना.

१८ जानेवारी, रविवार

दहा ते पाच. मोहिनीनं कागद दिला. ऋतुजाला रविवारी शिकवणी लावायची हाय, म्हणून महिन्याला एकच भेट, ती पण बीडमध्येच, दोन तास. माझी सही पाहिजे. "तिच्या भल्याचं हाय," म्हणली. ओरडून म्हणली असती तर मी फाडला असता. हळू म्हणली.

रानात आल्यावर ऋतुजाला विचारलं, "तुला रानात यायला आवडतं का गं?" ती म्हणली, "टिकली आहे ना इथे." चिरफळ्या झाल्या काळजाच्या.

२५ जानेवारी

सही करायचं ठरवलं. मायनं जेवण सोडलं. आबा म्हणाले, "तुझी पोरगी, तू ठरव," अन् मेंढरं घेऊन गेले, वळून न्हाई बघितलं. पण बघा ना वकील साहेब — तिला इथलं काय राहिलंय? रान विसरली, बोली विसरली, टिकली विसरली. राहिला मी. दोन तासात मावतो मी. तिला ओढत आणून एका खोट्या मेंढीमागं फिरवायचं, हे बापाचं काम न्हाई. एक तारखेला शेवटचं रानात आणतो. परत सोडताना कागद देऊन येतो.

१ फेब्रुवारी, रविवार

वेळ लिहायची राहिली. राहू दे.

दुपारी ती मेंढीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. माझ्याकडं न बघता म्हणली, "पप्पा, हिचं खरं नाव काय हाय?"

मी काठी बाजूला ठेवून तिच्याजवळ गेलो.

"मला पहिल्याच दिवशी कळलतं. टिकली लिंबाखाली हाय ना? मी आजीला विचारलं. तुमाला सांगू नको म्हणलं तिला. तुमी रडताल म्हणून." मग मेंढीच्या कापलेल्या कानावरून बोट फिरवलं. "पण हिला आता टिकली म्हणायचं न्हाई. ती बघतच न्हाई त्या नावानं. मी आईला पण सांगितलं, मी परमेश्वर काकांना काकाच म्हणणार. पप्पा हाय मला."

कागद खिशातच राहिला. जाताना तिनं माझा शर्ट धरला होता.

मेंढीचं नाव पंधरा तारखेला आल्यावर सांगते म्हणली.